किटचा डबा उघडला की लगेच ग्लू नको: १/२४ क्लासिक कार बांधायचा बरोबर क्रम

मला व्हॉट्सॲपवर येणारे मॉडेल गाड्यांचे फोटो साधारण तीनच प्रकारचे असतात. बॉनेटवर पांढरं धुकं, विंडशील्डवर बोटाचा ठसा, नाहीतर सगळं झाल्यावर चॅसिसवर न बसणारी बॉडी. खाली प्रश्न एकच, "रंग कुठला वापरू?" अहो रंगाचा दोष नसतोच बहुतेक वेळा, क्रम चुकलेला असतो. किटच्या कागदावर पहिल्या पानावर इंजिन असतं म्हणून लोक इंजिनपासून सुरू करतात आणि बॉडी शेवटच्या रविवारी उरकतात, खरं तर बॉडीला सगळ्यात जास्त दिवस लागतात त्यामुळे सुरुवात तिथूनच करायची.

खालचा क्रम प्लास्टिकच्या १/२४ किंवा १/२५ किटसाठी (म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या किंवा पंचविसाव्या भागाएवढ्या) आहे. डायकास्ट (धातूची तयार) गाडी रंगवायची असेल तर तो वेगळा विषय. पहिलंच किट असेल तर टॅमियाची १९६६ ची बीटल किंवा मॉरिस मिनी कूपर घ्या, पार्ट नीट बसतात. बीटल खरी साधारण ४.०७ मीटरची, म्हणजे मॉडेल १७ सेंटिमीटरच्या आसपास, हातात धरायला बरं. जुन्या अमेरिकन गाड्यांची किटं दिसायला भारी असतात पण काहींचे साचे फार जुने आहेत, फ्लॅश (कडेला आलेलं जादा प्लास्टिक) आणि फटी खूप, ती दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला.

## ० : आधी कॅलेंडर बघा

नाशिकमध्ये बसून हे करताय तर ही पायरी सोडूच नका. जून ते सप्टेंबर लॅकर (थिनरचा, झटकन सुकणारा रंग) स्प्रे करायचा नाही, म्हणजे उघडीप मिळाली आणि हवा कोरडी असली तर ठीक, पण बाहेर गंगापूर रोडवर भुरभुर चालूय आणि तुम्ही बाल्कनीत कॅन हलवताय असं नको. रंगातलं थिनर (रंग पातळ करणारं द्रावण) उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि तेच ते पांढरं धुकं. ऑनलाइन साधा डिजिटल हायग्रोमीटर मिळतो तो घ्या. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दिसली की कॅन कपाटात.

माझं वर्षाचं गणित असं: पावसाळ्यात कटिंग, घासकाम, इंजिन, सीटा, हाताने ब्रश मारायची सगळी कामं. दिवाळी झाली की बॉडीचा रंग. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा अंशांच्या खाली पारा जातो तेव्हा सकाळी स्प्रे नको, अकरा ते तीन मध्ये उरकायचं. आणि एप्रिल-मेमध्ये उलटं, दुपारच्या झळांमध्ये रंग बॉडीवर पोचायच्या आधीच हवेत सुकतो आणि वाळूसारखा खरखरीत बसतो, तेव्हा सकाळी आठच्या आत.

## १ : सामान

सगळं हॉबीच्या दुकानातलं लागत नाही. सराफ बाजारात सोनारांची हत्यारं मिळतात तिथून बारीक कानशींचा सेट, टोकदार चिमटा आणि हातानं फिरवायचं छोटं ड्रिल घ्या. वॉटर पेपर ४००, ६००, १०००, २००० नंबरचे, हार्डवेअर किंवा गाड्यांच्या पेंटच्या दुकानात. तांब्याची बारीक वायर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे, ती पुढे इंजिनला लागेल.

पण तीन गोष्टी हॉबीच्याच घ्या, इथे कंजूषी केली की रडायची वेळ येते: एका बाजूने सपाट पात्याचा निपर, पातळ प्लास्टिक सिमेंट आणि मॉडेलचा पिवळा मास्किंग टेप. हार्डवेअरचा मास्किंग टेप भिंतीसाठी आहे, त्याच्या कडेखालून रंग झिरपतो आणि गोंद मागे राहतो.

सावधान: ऑटो पेंटवाला प्रेमाने एनसी थिनर देईल. ते उघड्या प्लास्टिकवर लावलं की प्लास्टिक विरघळतं, आधी चिकट होतं आणि मग तडे जातात. नेलपेंट रिमूव्हर आणि पेट्रोलही नको.

आणखी एक: लॅकर स्प्रे म्हणजे ज्वलनशील वाफ. शेजारी गॅस, देवघरातली समई, उदबत्ती काही नको. आणि कापडी मास्क धुळीलासुद्धा धड पुरत नाही, वाफेला ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज असलेलाच मास्क लागतो.

## २ : डबा उघडणे

पार्ट तोडायचे नाहीत. आधी स्प्रूच्या फ्रेम (पार्ट ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) कागदावरच्या यादीशी जुळवून बघा. मग टायर वेगळ्या पिशवीत काढून ठेवा. टायर व्हिनाइलचे असतात आणि त्यातलं मऊ करणारं रसायन हळूहळू बाहेर येतं, काचेच्या पार्टला किंवा रिमला चिकटून वर्षानुवर्षे पडले तर प्लास्टिक खातात. जुनं किट कोणाच्या माळ्यावरून घेतलं असेल तर हे पहिलं तपासा.

मग सगळ्या फ्रेम (क्रोम आणि काचा सोडून) कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने जुन्या मऊ टूथब्रशने धुवायच्या. साच्यातून सुटायला लावलेलं तेलकट काहीतरी राहिलेलं असतं, त्यावर रंग धरत नाही. निथळून रात्रभर सुकू द्या, कपड्याने पुसलं की त्याचे तंतू चिकटतात.

पार्ट कापताना दोनदा कापायचं. पहिला कट पार्टपासून लांब, दुसरा जवळ, उरलेला ठिपका ब्लेडने आणि पेपरने. एकाच झटक्यात जवळ कापलं की प्लास्टिक ताणून पांढरं पडतं आणि खड्डा होतो, तो मग पुटीने भरत बसा.

## ३ : बॉडी, म्हणजे खरं काम इथे

बॉडी दिव्याखाली तिरकी धरून फिरवा. फेंडरवरून, छताच्या कडेने, मागच्या पिलरवर (छत धरणाऱ्या खांबावर) एक बारीक उंच रेघ दिसेल, साच्याचे भाग जिथे जुळतात तिथली. खऱ्या गाडीवर ही रेघ नसते. आधी ब्लेडचा पाठीचा भाग हलक्या हाताने ओढून खरवडा, मग ६०० चा पेपर पाण्यात भिजवून, मग १०००. पेपर नुसत्या बोटाने दाबू नका, बोटाची खाच पडते, खोडरबराच्या तुकड्याला गुंडाळा.

आता ज्याच्यामुळे निम्मे लोक फसतात ते. प्रत्येक रेघ चूक नसते! बीटलचे फेंडर खऱ्या गाडीत वेगळे असतात, बोल्टने बसवलेले, मध्ये बीडिंगची पट्टी. तो जोड दिसायलाच हवा. एका मित्राने सगळं पुटीने भरून इतकं गुळगुळीत केलं की गाडी साबणाच्या वडीसारखी दिसत होती आणि तो खूश. म्हणून घासायच्या आधी खऱ्या गाडीचे चार-पाच फोटो समोर ठेवा, पुढून, मागून, बाजूने, आणि दाराच्या फटीचा जवळून. गाडी नेमक्या कुठल्या वर्षाची तेही जुळवा, दिवे आणि बंपर वर्षागणिक बदलतात.

उलट दारं, बॉनेट, डिकी यांच्या फटी रंगाच्या आधी खोल करायच्या. प्रायमर (रंगाखालचा थर), रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून सात-आठ थर चढतात आणि फटी भरून जातात, मग दार नुसतं चितारलेलं वाटतं, उघडणारं नाही. ब्लेडच्या पाठीने किंवा स्क्रायबरने त्याच फटीतून पाच-सहा वेळा अलगद. जोर लावला की हत्यार घसरतं आणि दारावर ओरखडा.

पुटी लागलीच तर पातळ थर, एक दिवस सुकवून दुसरा. जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो, आणि महिन्याने रंगाखाली खचतो.

तपासा: डोळे मिटून बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारी रेघ बोटाला लागते.

## ४ : कोरडी जुळवणी

ग्लू न लावता, नुसत्या टेपने आणि ब्लूटॅकने (परत काढता येणारा चिकट लगदा) अख्खी गाडी उभी करायची. चॅसिस, चाकं, इंटिरियरचा टब (सीटा बसतात तो आतला भाग), डॅशबोर्ड, काचा, बंपर, बॉडी. हो, सगळी.

कंटाळवाणं आहे, मान्य. पण चाक फेंडरला घासतंय, टब वर राहिल्यामुळे बॉडी एक मिलिमीटर उचललीय, काच छताला अडतेय हे आत्ता कळलं तर कानशीचं पाच मिनिटांचं काम आहे. पॉलिश केलेल्या बॉडीत कळलं तर जोर लावणार, आणि जोर लावला की पिलर तुटणार, क्लासिक गाड्यांचे पिलर काडीसारखे असतात.

रंगाचा थर जोडांमध्ये जाडी वाढवतो हेही धरा. कोरडं असताना घट्ट बसणारं रंगानंतर बसणार नाही, थोडी सूट ठेवा. आणि कुठला पार्ट कशानंतर बसला ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कागदावरचा क्रम आणि तुमचा क्रम इथून पुढे वेगळा होणार आहे.

## ५ : प्रायमर

बॉडीच्या आत बाटली किंवा वाकवलेला हँगर घालून पक्का स्टँड करा, हातात धरून स्प्रे करू नका. प्रायमर बारीक कणाचा, मिस्टर सरफेसर १२०० किंवा १५००, नाहीतर टॅमियाचा फाइन. दोन-तीन हलके थर.

रंग लाल, पिवळा किंवा क्रीम असेल तर पांढरा प्रायमर, राखाडीवर हे रंग मळकट दिसतात. आणि किटचं प्लास्टिकच लाल असेल आणि गाडी पांढरी करायचीय तर थांबा. लाल प्लास्टिकमधला रंग वर झिरपून आठवड्याभरात पांढऱ्याचा गुलाबी करतो. प्रायमरवर आधी सिल्व्हरचा एक पूर्ण थर, मग पांढरा.

प्रायमर सुकला की सगळे दोष चहाडी केल्यासारखे समोर येतात. परत तिसऱ्या पायरीवर जा. मी स्वतः दोन-तीन वेळा मागे जातो, लाज वाटायचं कारण नाही.

## ६ : रंग

नियम एक, पाटीवर लिहून लावा: लॅकरवर इनॅमल (सावकाश सुकणारा तेलाचा रंग) चालतं, इनॅमलवर लॅकर चालत नाही. उलटं केलं की खालचा थर फुगतो आणि सुरकुत्या पडतात, मनुका होतो अगदी. नवीन असाल तर प्रायमर, रंग, क्लिअर तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच जातीचे घ्या.

कॅन कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, हाताला सोसेल इतकंच. उकळतं पाणी, गॅस, ऊन अजिबात नाही, कॅन फुटतो. गरम झाल्यावर दाब नीट येतो, थेंब बारीक पडतात, थंडीत तर हे लागतंच. मग दोन मिनिटं हलवा.

अंतर १५ ते २० सेंटिमीटर. स्प्रे बॉडीच्या बाहेर सुरू करायचा, एका सरळ हालचालीत पलीकडे न्यायचा आणि बाहेरच बंद करायचा. सुरुवातीला आणि शेवटी कॅन थुंकतो, ते थेंब बॉडीवर नकोत.

पहिला थर इतका हलका की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. इथे हात शिवशिवतो, "अजून एक हात मारू" वाटतं, मारू नका. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, तोही हलका, मग तिसरा, चौथा जरा ओला. रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या हौदात) उडी मारतो तशी बॉडी रंगात बुडवायची नाहीये. आधी खाचा, कडा, दिव्याचे खड्डे, बॉनेटखालच्या कडा, आणि मग मोकळे पृष्ठभाग. उलटं केलं तर खाचा भरायच्या नादात मोकळ्या भागावर ओघळ येतात.

मेटॅलिक रंग असेल तर गाड्यांच्या टच-अपचा कॅन नको. त्यातले चमकीचे कण खऱ्या गाडीच्या मापाचे, १/२४ वर ते गणपतीच्या मखरासारखे दिसतात. शिवाय साठच्या दशकातल्या साध्या गाड्यांना सॉलिड रंगच जास्त शोभतात.

ओघळ आला तर? काही करू नका. बोट लावू नका, पुसू नका. दोन-तीन दिवस पूर्ण सुकू द्या, १००० च्या पेपरने ओला घासा, परत हलका थर. माशी बसली तरी तेच. पूर्णच बिघडलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बॉडी बुडवून झाकण लावून एक रात्र ठेवा, बरेच लॅकर रंग सुटतात, उरलेलं टूथब्रशने. माझी पहिली मिनी तीन वेळा त्या डब्यात गेली होती.

दोन रंगी गाडी असेल तर आधी फिका रंग, पूर्ण सुकवून पिवळा टेप, कडा नखाने दाबून, आणि टेपच्या कडेवर आधी फिक्याच रंगाचा हलका हात. जे झिरपायचं ते फिकंच झिरपतं. मग गडद. टेप काढताना स्वतःवर उलटा दुमडून हळू ओढा.

तपासा: नाक लावून वास घ्या. रंगाचा वास येतोय तोपर्यंत थर आतून कच्चा आहे. हाताला कोरडा लागणं आणि पक्का होणं यात आठवड्याचा फरक असतो. ड्रायर आणि टेरेसवरचं ऊन दोन्ही नको, पातळ बॉडी वाकते. मोठा प्लास्टिकचा डबा उलटा झाकून ठेवा, धूळ बसत नाही.

## ७ : डिकल आणि क्लिअर

डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) दहा-पंधरा सेकंद पाण्यात, मग टिश्यूवर मिनिटभर, आपोआप सरकायला लागलं की बॉडीवर. खालचं पाणी कापसाच्या काडीने मधून बाहेर. एक रात्र सुकू द्या.

क्लिअर लॅकर, उदाहरणार्थ टॅमियाचा टीएस-१३, थेट ओला मारला तर डिकल खातो, आकसतात. आधी दोन-तीन अगदी धुक्यासारखे थर, मग ओले. हा थर झाला की कमीत कमी सात दिवस, थंडीत दहा, डबा झाकून विसरून जा. या दिवसांत दहावी पायरी करा, म्हणजे हात रिकामे राहत नाहीत.

## ८ : पॉलिश

सगळ्यांना करायची घाई आणि सगळ्यात जास्त बॉड्या इथेच मरतात. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा असेल तरच २००० चा पेपर, पाणी आणि साबणाचा थेंब. मग कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) जाड, बारीक, फिनिश या क्रमाने, प्रत्येकाला वेगळं मऊ कापड. टूथपेस्ट वापरा असं कोणी सांगितलं तर दात घासा तिने.

कडांवर, बॉनेटच्या उंच रेषेवर, फेंडरच्या माथ्यावर रंग मुळात पातळ असतो. तिथे दोन वेळा जास्त घासलं की खालचा प्रायमर दिसला. म्हणून आधीच सगळ्या उंच कडांवर टेपची बारीक पट्टी लावा, मधला भाग घासा, शेवटी टेप काढून कडेला फक्त फिनिश कंपाउंडचा हलका हात.

## ९ : क्रोम

क्लासिक गाडीचा जीव यात आहे. खिडकीची चौकट आणि बाजूची पट्टी यांना बेअर-मेटल फॉइल (मागे गोंद असलेला अगदी पातळ धातूचा कागद): तुकडा मोठा कापा, ठेवा, टूथपिकने दाबत न्या, आणि नव्या ब्लेडने कडेने कापा. जुन्या ब्लेडने फॉइल फाटतो. स्वयंपाकघरातला फॉइल जाड पडतो, वळणावर बसत नाही.

नावाची अक्षरं, छोटे बॅज यांची युक्ती वेगळी आणि ती आधी ठरवावी लागते. प्रायमरनंतर, रंगाच्या आधी अक्षरांवर फॉइल चिकटवायचा, त्यावरून रंग मारायचा, आणि मग क्लिअरच्या आधी काडीला किंचित थिनर लावून अक्षरांच्या माथ्यावरचा रंग अलगद पुसायचा. खालचं क्रोम उघडं पडतं, ब्रशने असं जन्मात होत नाही.

लिक्विड क्रोमचं पेन वापरणार असाल तर सगळ्यात शेवटी. त्यावर क्लिअर मारला की आरसा जाऊन राखाडी होतं.

किटचे क्रोमचे पार्ट चिकटवायच्या जागी क्रोम खरवडा. सिमेंट प्लास्टिकला धरतं, क्रोमला नाही, म्हणूनच बंपर चार दिवसांनी गळून पडतो.

## १० : इंजिन आणि आतलं

बीटलचं इंजिन मागे, हवेने थंड होणारं, सपाट चार सिलिंडर. रेडिएटर नाहीच, त्यामुळे पाण्याचे पाइप लावत बसू नका (लावलेले पाहिलेत मी). डिस्ट्रिब्युटरमधून पाच वायरी: चार प्लगना, एक कॉइलला.

जाडीचा हिशोब सोपा. खरी प्लगची वायर साधारण ७ मिलिमीटर, भागिले २४, म्हणजे ०.३ च्या आसपास. रिवाइंडिंगची ३० गेजची वायर बरोबर ०.३१ भरते. काळी रंगवायची, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला बारीक भोकं पाडून घालायची. शिवणाचा जाड दोरा लावला तर खऱ्या गाडीत तो बागेच्या पाइपाएवढा होईल.

आत पूर्ण ग्लॉसी काहीच नको. सीटा सेमी-मॅट, कार्पेट मॅट, टायर गडद राखाडी. टायरच्या मधली साच्याची रेघ आणि चकाकी ४०० च्या पेपरने काढा, या एका गोष्टीने गाडी खेळणं वाटायची थांबते.

## ११ : काचा, आणि मग बॉडी चॅसिसवर

काचेला फेविक्विकसारखा इन्स्टंट ग्लू नको, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी होते आणि ते जात नाही. प्लास्टिक सिमेंटही नको, थेंब पसरला की संपलं. साधा पांढरा फेविकॉल टूथपिकने, कडेला. सुकल्यावर पारदर्शक होतो, आणि चुकलं तर ओल्या काडीने पुसता येतो. काच धरताना हातमोजे, आणि आतली बाजू बसवायच्या आधी पुसा, नंतर बोट जात नाही तिथे.

मग चौथ्या पायरीतले फोटो मोबाइलवर उघडा आणि तोच क्रम. काच, टब चॅसिसवर, बॉडी, मग बंपर, दिवे, वायपर, आरसे सगळ्यात शेवटी. आरसा आधी लावून मग बॉडी हातात दाबली की तो जमिनीवर, आणि जमीन म्हणजे टाइल्स, पांढऱ्या टाइल्सवर पांढरा आरसा. मी आता टेबलाखाली जुनी गडद चादर अंथरतो.

बॉडी बसत नसेल तर दाबू नका. काढा, कुठे अडतंय ते टॉर्चने बघा, टबची कड घासा, परत ठेवा. चारही चाकं काचेच्या तुकड्यावर टेकतात का बघून मगच ग्लू, तोही दोन ठिकाणी थोडासा, पुढेमागे उघडायची वेळ येतेच.